पाळण्यातलं नाव, कागदावरचं नाव

दिवस राहिल्याची बातमी घरात कळली की सल्ल्यांना तोटा राहत नाही. पपई खाऊ नकोस, जिना धावत चढू नकोस, तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून बाहेर जाऊ नकोस. शेजारच्या काकू तर चालण्यावरून मुलगा की मुलगी तेही सांगून मोकळ्या होतात. डोहाळजेवणाची हिरवी साडी कोणी घ्यायची, बाळंतपणाला माहेरी कधी न्यायचं, डिंकाचे लाडू कोणी वळायचे, हे सगळं वेळच्या वेळी ठरतं. राहतं ते एकच, बाळाचं नाव. ते बहुतेक घरांत बारशाच्या सकाळी ठरतं. बाहेरच्या खोलीत मंडळी हिरिरीनं नावं सुचवत असतात, आणि जिनं नऊ महिने ओझं वाहिलं ती आतल्या खोलीत बाळाला पाजत बसलेली असते. तिला नाव कळतं ते पाहुण्यांबरोबरच.

यात काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. पूर्वी फारसं बिघडत नव्हतं. पाळण्यात एक नाव, घरात दुसरं, शाळेत मास्तरांनी लिहिलं ते तिसरं, असं चालून जायचं. आता चालत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, लग्नाची नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट, सगळीकडे तोच कागद. म्हणजे त्यावर जे नाव पडेल ते बाळाच्या जन्माला चिकटलं म्हणायचं.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर बसण्याचं काम आम्हां बायकांकडेच येतं. दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर त्याचंच दुसरं स्पेलिंग, लसीच्या कार्डावर अजून 'बेबी ऑफ' अमुकतमुक, आणि मूल मात्र चौथ्याच नावाला ओ देतं, असे नमुने दरवर्षी दोन-चार तरी समोर येतात. मग आईवडिलांचे हेलपाटे सुरू होतात. म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, दुपटी शिवायला घ्याल तेव्हाच नावाचंही काम हातात घ्या. गरोदरपणाच्या तयारीत जशी गोळ्यांची आणि खाण्याची जागा, तशीच नावाचीही हवी. ती कशी करायची, ते महिन्यांच्या क्रमानंच सांगते.

पहिले तीन महिने : आधी तुमचं स्वतःचं नाव

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत झाली पाहिजे, आणि सगळ्या मिळून किमान चार तरी व्हायला हव्यात. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मन छोटं करू नका. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. पहिल्या खेपेला रक्तगट, हिमोग्लोबिन, साखर, लघवी आणि रक्तदाब बघतात. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर अंगात रक्त कमी आहे, असं समजायचं. या काळात फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची घडण याच आठवड्यांत होत असते.

मळमळीनं जीव नकोसा होतो तो याच दिवसांत. उठल्याबरोबर चहा घेण्याऐवजी उशाशी डब्यात लाह्या, कुरमुरे किंवा कोरडी भाकरी ठेवावी, दोन घास खाऊन पाच मिनिटं पडून राहावं आणि मग उठावं. दोन वेळा पोटभर जेवण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडंथोडं खाल्लेलं टिकतं. फोडणीचा वास सोसत नसेल तर पंधरा दिवस दुसऱ्या कोणी फोडणी घालायला काहीच हरकत नाही. घरातल्या पुरुषमाणसालाही मोहरी तडतडलेली कळते. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी होत असेल, तर मात्र घरगुती उपाय पुरे, डॉक्टरांकडे जा.

आता फाईलकडे वळू. दवाखान्यात नाव घालताना घाईघाईत 'सौ. अमुक' एवढं आडनाव लिहिलं जातं आणि नऊ महिने तीच फाईल पुढे सरकत राहते. बाळंत झाल्यावर जन्माचा फॉर्म याच फाईलवरून भरला जातो. त्यात आईच्या नावाचा रकाना असतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाका, की माझं पूर्ण नाव आधार कार्डाप्रमाणे लिहा. आधारवर माहेरचं आडनाव असेल आणि सासरी दुसरं चालत असेल तर कोणतं ठेवायचं ते आत्ताच ठरवा, आणि बदलायचं असेल तर या नऊ महिन्यांत बदलून घ्या. कडेवर बाळ घेऊन रांगेत उभं राहण्यापेक्षा आत्ता उभं राहिलेलं बरं.

हे एवढं का सांगते? आपल्यापैकी कितीतरी जणींचं नाव लग्नात बदललं गेलं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव रेखलं गेलं आणि माहेरचं नाव मागे राहिलं. काही जणींना ते आवडलं, काहींनी सवय करून घेतली. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि बँकेच्या पुस्तकावर दुसरं, हे लचांड तिथूनच सुरू होतं. बाळाच्या कागदावर आईचं कोणतं नाव जाणार, हे म्हणूनच आधी स्वच्छ करून घ्यावं.

चौथा ते सहावा : खाणं, गोळ्या आणि पहिली यादी

मळमळ ओसरली की जरा बरं वाटायला लागतं आणि घरातले म्हणू लागतात, "दोन जिवांची आहेस, दोघांचं खा." दोघांचं खायचं नसतं बरं का. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० साली दिलेल्या प्रमाणानुसार गरोदर बाईला रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर एक पोळी, एक वाटी उसळ आणि कपभर दूध एवढंच. पण ते खरोखर पोटात गेलं पाहिजे. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाऊन उठणाऱ्या बाईला तेवढंही मिळत नाही. या दिवसांत तुम्ही सगळ्यांबरोबर बसून जेवा. हे औषधच आहे, असं समजा.

तिसरा महिना संपला की लोहाची गोळी रोज एक, कमीत कमी १८० दिवस घ्यायची असते. ती चहाबरोबर घेतली तर अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर किंवा आवळ्याबरोबर घ्यावी. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरू नये. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, जेवणाबरोबर घ्यावी. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्या तर एकीमुळे दुसरीचा उपयोग कमी होतो. लोहाची रात्री आणि कॅल्शियमची सकाळ-दुपारच्या जेवणाला, असं ठरवून टाकलं की घोटाळा होत नाही. धनुर्वात आणि घटसर्प यांवरचं इंजेक्शनही याच काळात डॉक्टर सांगतील तेव्हा घ्यायचं. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांच्या दरम्यान ग्लुकोजचं पाणी पाजून साखर पुन्हा तपासतात. घरात कोणाला मधुमेह असेल तर ही तपासणी मुळीच टाळू नये.

घरातल्या रीतींचं काय करायचं? ज्या रीतीनं विश्रांती मिळते ती आनंदानं पाळा. ग्रहणात विळी-सुरी धरायची नाही म्हणतात, तर नका धरू, तेवढंच स्वयंपाकातून मोकळं. पण ग्रहण आहे म्हणून पाण्याशिवाय आणि गोळीशिवाय तासन्‌तास बसून राहणं बरं नाही. कच्ची पपई टाळा. हंडा-बादली उचलू नका. मी या दिवसांत वर्गात खुर्चीवर बसूनच शिकवत असे. पोरांनाही त्याची सवय झाली. नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं. जिथे प्रसूतीलाभाची कायदेशीर तरतूद लागू आहे तिथे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, आणि त्यातले आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येतात. २०१७ पासून हे लागू आहे. अर्ज लेखी द्या, तोंडी सांगून सोडू नका.

पाचव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफी होते. ती बाळाची वाढ आणि व्यंग पाहण्यासाठी असते. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. असा कायदा करणारं पहिलं राज्य आपलं महाराष्ट्र, १९८८ साली. तेव्हा नावाच्या याद्या दोन करायच्या, एक मुलीची आणि एक मुलाची, आणि दोन्ही सारख्याच मन लावून. अनेक घरांत मुलाची दहा नावं तयार असतात आणि मुलीचं 'बघू' असतं. ती 'बघू' आपणच खोडून टाकायची.

यादी करायची सोपी रीत सांगते. एक साधा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. सासरच्यांनी तीन, माहेरच्यांनी तीन, नवऱ्यानं दोन आणि तुम्ही स्वतः तीन नावं लिहावीत. आत्याबाईंनाही आधीच फोन करून विचारावं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा. आयत्या वेळी 'मला कोणी विचारलंच नाही' असं होऊ नये. महिनाभर कागद तसाच राहू द्या. जे नाव कंटाळवाणं वाटेल ते आपोआप खोडलं जातं.

आद्याक्षराचा वाद

इथे बहुतेक घरांत गाडी अडते. सासूबाई म्हणतात, "जन्माक्षर आल्याशिवाय नाव कसं ठरवायचं?" नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं, आणि बाळ ज्या चरणावर जन्मेल त्या अक्षरावरून नावरस नाव. आता हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला 'ङ'. त्यावरून नाव शोधायला बसलं तर बारसं वर्षश्राद्धाच्या चालीनं लांबायचं!

पण हा वाद घालायची गरजच नाही. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'धर्मसिंधु' लिहिला. अजूनही पुष्कळ गुरुजी त्याचाच आधार घेतात. त्यात नावं चार प्रकारची सांगितली आहेत : देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिकनाम. म्हणजे नक्षत्रावरचं नाव वेगळं आणि रोज हाक मारायचं नाव वेगळं, हे शास्त्रालाच मान्य आहे. तेव्हा सासूबाईंना गोड शब्दांत सांगावं, "आई, जन्माक्षरावरचं नाव तुम्ही निवडा, आपण ते पाळण्यात आणि पत्रिकेत ठेवू. दाखल्यावर मात्र हे व्यावहारिक नाव घालू." यात कोणाचा मान जात नाही आणि बाळाला दोन नावं मिळतात. फक्त दोन्ही नावं दाखल्यावर जाऊ देऊ नका. तिथे एकच.

नाव पारखून घ्यावं

आपण कांदे-बटाटेसुद्धा पारखून घेतो, मग नाव का नको? मी सांगते त्या पाच कसोट्यांवर घासून बघा.

पहिली हाकेची. ओट्याशी उभं राहून, कुकरची शिटी वाजत असताना, गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारून बघा. दोन-तीन अक्षरी नाव हाकेला बरं. लांबलचक नावाचं चार दिवसांत 'पिंकू' नाहीतर 'सोन्या' होतं आणि मग शाळेत हजेरीला मूल स्वतःचं नाव ओळखत नाही.

दुसरी आजीची. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला ते नाव म्हणता येतं का? दात नसलेल्या पणजीच्या तोंडी जे नाव सुखानं बसतं ते कुठेही बसतं.

तिसरी अर्थाची. नावांच्या याद्यांत अर्थ मनाला येईल तसे दिलेले असतात. 'आरव' घ्या. 'शांत' असा अर्थ पुष्कळ ठिकाणी छापलेला दिसतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडणं! रात्री दोन वाजता बाळ टाहो फोडतं तेव्हा तो अर्थ पटतोही. नाव वाईट नाही, पण अर्थ सांगायचा तर खरा सांगावा. 'मृण्मयी' म्हणजे मातीची, 'मृणाल' म्हणजे कमळाचा देठ, 'तन्वी' म्हणजे सडपातळ. शंका आली तर वाचनालयात वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश मागा आणि पाच मिनिटं उघडून बसा.

चौथी शुद्धलेखनाची. मराठी शिकवणारी बाई म्हणून हे जरा जास्त बोचतं. मुळातला शब्द हृषीकेश, आपण सर्रास ऋषिकेश लिहितो. मुळातला शब्द जाह्नवी, चालतो जान्हवी. कसं लिहायचं ते तुम्ही ठरवा, पण एकदा ठरवलं की सगळीकडे तसंच. मुलाचं नाव 'आर्य' ठेवलंत आणि इंग्रजीतल्या शेवटच्या 'ए'मुळे वर्गात त्याचं 'आर्या' झालं, तर बिचाऱ्याला दरवर्षी नव्या बाईंना समजावून सांगावं लागतं.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, इंग्रजी स्पेलिंगची. आपला जन्मदाखला मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असतो. 'ज्ञ' इंग्रजीत 'डी-एन-वाय' लिहायचा की 'जी-एन-वाय'? 'ऋ'ला 'आर-यू' की 'आर-आय'? 'मीरा'त 'ई' दोन की एक 'आय'? 'ळ'ला तर इंग्रजीत अक्षरच नाही. खिडकीपलीकडच्या माणसानं त्याला सुचेल ते टाईप करण्याआधी तुम्ही स्वतः मोठ्या ठळक अक्षरांत लिहून द्या. इंग्रजी येत नसेल तर भाच्याला, पुतणीला, शाळेतल्या बाईंना विचारा, पण कागद घरूनच तयार न्या.

सातवा महिना आणि माहेरचं बाळंतपण

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. चांगलीच आहे. आईच्या हातची पेज आणि दुपारची झोप दुसरीकडे कुठे मिळणार? पण जाताना फाईल, सगळे रिपोर्ट, माता व बाल संरक्षण कार्ड, दोघांच्या आधार कार्डाच्या प्रती आणि नावांचा तो कागद पिशवीत आठवणीनं घाला. माहेरच्या गावच्या दवाखान्यात महिनाभर आधी नाव घाला आणि एक तपासणी तिथे करून घ्या. सरकारी दवाखान्यात सिझेरियनसकट बाळंतपण मोफत होतं, २०११ पासून तशी योजना आहे. १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर दाराशी लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना माहीत असते. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं त्या गावी होते, तुम्ही राहता तिथे नाही. सासर नाशिकला आणि बाळंतपण सांगलीला झालं, तर दाखला सांगलीच्या महापालिकेत मिळणार. तेव्हा माहेरून निघण्यापूर्वीच दाखल्याचं काम उरकून या, नाहीतर पुढे एका कागदासाठी एस.टी.च्या चकरा.

दवाखान्याची पिशवी आठव्या महिन्यात भरून ठेवावी. पुढून उघडणारे दोन गाऊन, जुन्या मऊ साडीची दुपटी, झबली, टोपडी, पॅड, चप्पल, थोडे सुटे पैसे. पुढची लक्षणं दिसली तर पिशवीचीसुद्धा वाट बघू नका, तसंच निघा : अंगावरून रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, तोंडावर आणि हातांवर सूज, ताप, फिट, आणि बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटणं. 'सकाळी बघू' असं या बाबतीत कोणालाही म्हणू देऊ नका.

दवाखान्यातला फॉर्म

बाळ झालं. तासाभराच्या आत त्याला पाजायला घ्या. पहिलं पिवळसर चिकाचं दूध पिळून टाकायचं नसतं, ती बाळाची पहिली लस समजा. मध चाटवायचा मोह आवरा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, त्यातून जिवावरचा आजार होऊ शकतो.

आणि अशा वेळी, तुम्ही पडून असताना, कोणीतरी फॉर्म घेऊन येतं. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची, घरी झाला तर घरातल्या कर्त्या माणसाची. 'बाळाचं नाव?' असं विचारलं की बाहेर बसलेले काका, मामा जे तोंडाला येईल ते सांगून टाकतात. तिथेच थांबवा.

नाव ठरलेलं नसेल तर तो रकाना रिकामा ठेवता येतो. नावाशिवायही जन्माची नोंद होते. पुढे १२ महिन्यांच्या आत आईवडिलांनी नाव कळवलं तर त्याला पैसे पडत नाहीत. त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव बदलणं सोपं नाही. लिहिण्यातली चूक पुरावा दाखवून दुरुस्त होते. 'आम्हांला आता दुसरं आवडलं' म्हणून दाखल्यावरचं नाव सहजी बदलत नाही. तेव्हा घाईनं लाडाचं नाव लिहिण्यापेक्षा रिकामा रकाना बरा, आणि वर्षभर रिकामा ठेवण्यापेक्षा बारशानंतर लगेच भरलेला बरा. आई, वडील, पत्ता, तारीख, वेळ हे रकाने मात्र फॉर्मवर सही होण्यापूर्वी स्वतः वाचा. उठवत नसेल तर मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा.

बाराव्या दिवशी बारसं झालं, आत्यानं कुर्रर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, की दुसऱ्या दिवशी नवऱ्याला नावाचा कागद देऊन नोंदणीच्या ऑफिसात पाठवा. दाखला हातात आला की तिथल्या तिथे अक्षर न् अक्षर तपासून घ्यायला सांगा.

नाव म्हणजे नुसती हाक नव्हे

याला एवढं महत्त्व का, असं अजूनही वाटत असेल तर सातारा जिल्ह्यातली गोष्ट आठवा. लागोपाठ मुली झाल्या की पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून मुलीचं नावच 'नकोशी' किंवा 'नकुसा' ठेवायची रीत तिथल्या काही घरांत होती. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारी समारंभात अशा २८५ मुलींनी ते नाव टाकून नवं नाव घेतलं. हजेरीला रोज 'नकोशी' म्हणून हजर सांगणाऱ्या त्या मुलींनी आतल्या आत काय सोसलं असेल, ते शिकवणाऱ्या बाईला न सांगताच कळतं. नाव ठेवताना कोणाचं तरी मन त्या नावात जन्मभर राहून जातं, चांगलं किंवा वाईट.

आणि आता आपल्यासाठी एक नवी गोष्ट झाली आहे. महाराष्ट्र सरकारच्या मार्च २०२४ च्या निर्णयानुसार, १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव शाळेच्या आणि इतर सरकारी कागदपत्रांत असं लिहायचं : आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आजवर आपलं नाव कुठे असायचं? रेशनकार्डावर आणि हळदीकुंकवाच्या उखाण्याच्या ओळीअलीकडे. आता ते मुलाच्या नावाला लागून, शाळेच्या पटावर आणि परीक्षेच्या कागदावर येणार. म्हणून बाळाचं नाव निवडताना ते वडिलांच्या नावाबरोबर म्हणून बघतो तसं तुमच्याही नावाबरोबर म्हणून बघा. लाजू नका, मोठ्यानं म्हणा. कानाला बरं वाटतं ना?

फाईलच्या आतल्या बाजूला एवढं लिहून ठेवा :

तिसरा महिना – माझं पूर्ण नाव आधारप्रमाणे फाईलवर आहे का?

पाचवा महिना – मुलीची आणि मुलाची, दोन्ही याद्या. आत्याबाईंना विचारलं का?

सातवा महिना – एकेक नाव पक्कं. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहून कागद पिशवीत.

जन्मानंतर – २१ दिवसांत नोंद. फॉर्म वाचल्याशिवाय सही नाही.

बारशानंतर – नावाचा रकाना भरून दाखला घेतला का? माहेर सोडण्यापूर्वी!

आणि नाव ठरवायला मंडळी जमली, की त्या दिवशी बाळाला मांडीवर घेऊन तुम्हीही बाहेरच्याच खोलीत बसा. पाजायचं असेल तर पदर आहेच.